सगळं वाचलं

मास्तर कारखान्याचा जिना चढून वर आले, तेव्हा त्यांचं टेबल चालत होतं.

टेबलाला पाय असतात हे मास्तरांना ठाऊक होतं, पण टेबल ते वापरतंही, हे त्यांनी त्या सकाळी पहिल्यांदा पाहिलं. पुढून साडू, मागून काजवाला, आणि दोघांच्या मध्ये कापड बेतायचं ते लांबलचक लाकडी टेबल खिडकी सोडून आतल्या कोपऱ्याकडे निघालं होतं. वर मास्तरांची मोठी कात्री, खडूचा डबा, पट्टी आणि कुणाच्या तरी कोटाची अर्धी पाठ, सगळं तसंच. वरात निघावी तसं.

"भिंतींना रंग देताय का?" मास्तरांनी विचारलं.

"रंग कसला, मास्तर? मंजूर झालं ना," काजवाला धापा टाकत म्हणाला. "या, एक कोपरा धरा. तुमचंच टेबल आहे, लाजता काय?"

मास्तर मुळात भला माणूस. कुणी ओझं उचलताना दिसलं की त्यांचा हात आपोआप पुढे जातो. त्यांनी पिशवी खुंटीला लावली, एक कोपरा धरला आणि खोलीच्या मध्यापर्यंत टेबल आणूनही दिलं. तिथे आल्यावर त्यांना पहिला प्रश्न पडला.

"पण मंजूर काय झालं?"

टेबल थांबलं. साडूंनी आपला कोपरा हळूच खाली ठेवला.

"असं काय करता, साडूभाऊ?" ते म्हणाले. "खिडकीजवळची जागा हातशिलाईला द्यायची आणि कापायचं टेबल आत घ्यायचं. फोरमवर टाकलं होतं की. मुदत काल संपली. सगळ्यांनी वाचलं, कुणाची हरकत नाही."

"मी कुठे वाचलं?"

"वाचलंय तुम्ही," साडू म्हणाले आणि मोबाईल पुढे केला. पडद्यावर सगळ्या मंडळींची नावं होती आणि प्रत्येकापुढे 'वाचलं' होतं. मास्तरांच्या नावापुढेही होतं. "मशीन कशाला खोटं बोलेल?"

आता हा फोरम काय प्रकार आहे ते सांगायला हवं.

कारखाना म्हणजे एका इमारतीतला वरचा लांबट हॉल. चार-पाच कारागिरांनी मिळून घेतलेला. मास्तर कापड बेतायचे, काजवाला काजं-बटणं करायचा, मशीनवर दोघं भाऊ बसायचे, मास्तरांची बायको हातशिलाई करायची आणि त्यांचे साडू, म्हणजे बायकोच्या बहिणीचे यजमान, गिऱ्हाइकं सांभाळायचे. पूर्वी कुठलीही गोष्ट ठरवायची म्हणजे सभा भरे. सभेत सगळे एकदम बोलत, चहा निवे, आणि शेवटी पंखा कुठे लावायचा याऐवजी कुणाच्या लग्नात कुणी काय म्हटलं होतं यावर येऊन गाडी थांबे. मग मोबाईलवर ग्रुप काढला, तर त्यात फुलांची चित्रं आणि सुविचार यांच्या ढिगाखाली कामाचं काही सापडेना. अखेर साडूंची मुलगी, जी कॉम्प्युटरच्या कंपनीत होती, तिने फोरम बांधून दिला. एका विषयाला एक मथळा. न वाचलेला मथळा ठळक दिसतो, वाचला की बारीक होतो. कुणी काय वाचलंय याची फोरम प्रत्येकासाठी वेगळी खूण ठेवतो, पुस्तकात आपण दोरा घालून ठेवतो तशी.

हे ऐकून मास्तर इतके खूश झाले की त्यांनी जागच्या जागी एक नियमच सुचवला. नियम त्यांचा, हे इथे मुद्दाम सांगितलं पाहिजे. "सूचना फोरमवर टाकायची. आठवड्यात सगळ्यांनी वाचली आणि कुणी हरकत घेतली नाही, की मंजूर. आणि एकाचंही वाचायचं राहिलं असेल, तर नाही मंजूर. सभा नको, की चहा नको." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चहा नको म्हटल्यावर काजवाल्याने जरा कमी वाजवल्या.

पण नियम करणं वेगळं आणि वाचणं वेगळं. सुया आणल्या, तेल संपलं, अमक्याने तमक्याचा बोटात घालायचा अंगुस्तान उचलला, असले मथळे रोज उगवायचे. मास्तरांना ती ठळक अक्षरं बघवेनात. कापलेल्या कापडावर लोंबणारे धागे बघून त्यांना जसं व्हायचं, तसंच. तेव्हा एकदा सकाळी चहा पिताना बायकोने त्यांना कोपऱ्यातलं एक बटण दाखवलं. 'सगळं वाचलं.' ते दाबलं की झाडू मारल्यासारखे सगळे मथळे एका दमात बारीक. मास्तर धन्य झाले. तेव्हापासून चहा, बटण, आंघोळ, हा त्यांचा नेम झाला.

तर आता टेबल खोलीच्या मधोमध उभं होतं आणि मास्तर लालबुंद झाले होते.

"नोटीस कुणी टाकली?"

"मी," साडू म्हणाले.

"का?"

साडूंनी मशीनवरच्या भावांकडे बघितलं. भाऊ मन लावून शिवत होते. मशीनमध्ये कापड नव्हतं.

"कामाच्या सोयीचं आहे म्हणून," साडू शेवटी म्हणाले.

"माझ्या मुळावर उठून कसली सोय? या खिडकीत उभा राहून केस पिकले माझे! साडू म्हणजे सख्ख्या भावासारखा समजत होतो मी तुम्हाला. आणि तुम्ही माझ्या पायाखालची फरशी काढताय?"

"फरशी नाही मास्तर, टेबल," काजवाला म्हणाला. "आणि तेही अर्धंच निघालंय. ठरवा लवकर, माझी कंबर काही तुमचा साडू नाही, ऐकून घ्यायला."

बायको त्या सकाळी अस्तराचं कापड आणायला बाजारात गेली होती. ती इथे नाही हे बरंच झालं, असं मास्तरांना वाटलं. तिच्या बहिणीचा नवरा असा निघाला हे बघून तिला किती लागलं असतं! दुपारी ती आली. मधोमध उभं टेबल तिने पाहिलं, वळसा घातला आणि आपल्या कोपऱ्यात, पाण्याच्या फिल्टरशेजारी, ट्यूबलाइटखाली जाऊन बसली. सुईत दोरा ओवायला लागली. बिचारीला धक्काच बसला, मास्तरांच्या मनात आलं.

संध्याकाळी साडूंची मुलगी कामावरून परतताना वडिलांना न्यायला वर आली. मास्तरांनी तिला जिन्याच्या तोंडाशीच गाठलं.

"तुझा फोरम खोटारडा आहे."

"काका, फोरम खोटं नाही बोलत."

"तुझा बापही सकाळी हेच म्हणाला. मी ती नोटीस डोळ्यांनी पाहिलेली नाही, आणि हा म्हणतो वाचली. लावलाय कुणी हा माझ्या नावापुढे टिळा?"

मुलगी हुशार आणि मनाने मऊ. तिने कापायच्या टेबलावरच लॅपटॉप उघडला. खोलीत सगळ्यात मध्यवर्ती जागा आता तीच होती. आजूबाजूला मंडळी जमली. मास्तरांची बायको तेवढी पिशवी उचलून, "भाजी घ्यायचीय, मी पुढे होते," म्हणत निघाली.

"हे बघा काका. फोरमकडे दोन तऱ्हेच्या खुणा असतात. एखादा मथळा तुम्ही उघडलात, की त्या मथळ्याची वेगळी खूण पडते, हा याने उघडला म्हणून. आणि 'सगळं वाचलं' दाबलंत, की फोरम एकच खूण ठेवतो, झाडू मारल्यासारखी. या क्षणापर्यंतचं सगळं वाचलं. मग तो आत काय होतं ते बघत नाही. तुम्ही म्हणताय ना वाचलं, मग वाचलं."

"आणि माझी खूण कुठली?"

"तुमचा नुसता झाडू आहे काका. रोजचा. या मथळ्याची वेगळी खूण नाहीच."

"ऐका!" मास्तर टेबलावर थाप मारून ओरडले. "ऐका सगळे! मी वाचलेलं नाही! आता लिहूनच मिळालं. मी वाचलेलं नाही आणि बाकीच्यांनी माझ्या पाठीमागे वाचून, गप्प बसून..."

"बाकीच्यांचंही बघू का?" मुलीने निरागसपणे विचारलं.

इथे मंडळींमध्ये एक चुळबुळ झाली. मोठ्या भावाला एकाएकी मशीनचा पट्टा बघायची आठवण झाली.

"काजवाला काका, झाडू. मोठे भाऊ, झाडू. धाकटे, झाडू."

"म्हणजे तू न वाचता माझं टेबल उचललंस?" मास्तर काजवाल्याकडे वळले.

"मंजूर झालेलं टेबल वाचून उचलत नाहीत मास्तर," काजवाला म्हणाला. "शिवाय मला वाटलं तुम्ही वाचलं असेल. तुमचं टेबल, तुम्हाला काही नाही, तर मी कोण? उगाच नवरा-बायकोच्या मध्ये..." आणि तो एकदम थांबला.

"नवरा-बायको कुठून आले यात?"

"म्हण आहे हो एक," काजवाला म्हणाला आणि काजाची कात्री शोधायला लागला. ती त्याच्या हातातच होती.

एकमताने मंजूर झालेला ठराव एकाही माणसाने वाचला नव्हता, हे आता उघड झालं. मास्तरांचा राग निम्मा उतरला. कटकारस्थानाला निदान वाचता येणारी माणसं लागतात. ते हसले सुद्धा. "म्हणजे साडूभाऊंनी लिहिलं आणि कावळाही शिवला नाही म्हणायचं!"

"नाही, एकाने उघडलाय," मुलगी बोलून गेली. तिची बोटं थांबली. "पुन्हा पुन्हा उघडलाय."

"कोण?"

"जाऊ दे ना काका. मी काय करते, तुमची खूण मागे घेते. तुम्ही वाचलं नाही हे तर दिसतंच आहे. मथळा तुमच्यासाठी पुन्हा ठळक होईल आणि मुदत नव्याने सुरू होईल. मग हरकत घ्या खुशाल."

"कोण ते सांग."

मुलीने वडिलांकडे पाहिलं. साडू खिडकीबाहेर बघत होते.

"मावशी," ती म्हणाली.

मास्तरांनी खुंटीवरची पिशवी काढली. टेबलाला वळसा घालायचं विसरले, त्याचा कोपरा कमरेत घुसला, तरी हूं की चूं न करता जिना उतरले.

घरी बायको ओट्यापाशी मेथी निवडत होती. मास्तर चप्पल न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"तू वाचलंस?"

"हो."

"आणि बोलली नाहीस?"

"कशाला बोलू? मीच लिहायला सांगितलं होतं भाऊजींना." तिने जुडी बाजूला ठेवली. "माझ्या नावाने टाकली असती, तर सगळे हसले असते. मास्तरांच्या घरचं भांडण फोरमवर आलं म्हणून."

मास्तर पाटावर बसले. चप्पल अजून पायातच होती आणि तिने त्यावरून टोकलं नाही, हे दोघांच्याही लक्षात आलं.

"तुला खिडकी हवी होती, तर मला सांगायचंस."

"सांगितलं होतं."

"कधी?"

"आता तारखा काढू का? गेल्या थंडीत सांगितलं. चष्म्याचा नंबर वाढला तेव्हा सांगितलं. ताईच्या घरून येताना रस्त्यात सांगितलं, तुम्ही म्हणालात, 'हं.' मी म्हटलं हं म्हणजे काय, तर म्हणालात, 'बघू या, आधी रस्ता बघ, खड्डा आहे.'"

मास्तरांनी खूप आठवून पाहिलं. खड्डा आठवला.

"ते सोड," ते म्हणाले. आवाज चढवायचा होता, पण तो खालीच गेला. "सगळा आठवडा. रोज सकाळी तू माझ्याशेजारी बसून चहा पीत होतीस. मी ते बटण दाबत होतो आणि तू बघत होतीस."

"बघत होते."

"आत काय आहे ते तुला माहीत होतं."

"होतं."

"एकदा म्हणायचंस, अहो, आज जरा थांबा. एवढंच. मी काय नाही म्हटलं असतं?"

"हो, नाही म्हटलं असतंत," ती म्हणाली. "किंवा हं म्हटलं असतंत. मला तेच नको होतं."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. पंचवीस-तीस वर्षं ओळखीच्या असलेल्या चेहऱ्यावर कधी नव्हे ती एक शिवण दिसावी, आणि ती आधीपासूनच तिथे असावी, तसं झालं होतं त्यांचं.

"एक विचारतो. खरं सांग. ते बटण दाखवलंस ना मला, तेव्हाच हे डोक्यात होतं?"

तिने मेथीची एक काडी उचलली, पुन्हा ठेवली.

"नाही. तेव्हा तुमचा त्रास कमी व्हावा एवढंच होतं." मग ती म्हणाली, "पण नंतर डोक्यात आलं. आल्यावर घालवलं नाही."

ती खोटं बोलली असती, तर मास्तरांना बरं वाटलं असतं. खोट्याशी भांडता येतं.

मुलीने शब्द पाळला होता. दुसऱ्या दिवशी फोरम उघडला, तर 'खिडकीजवळच्या जागेबद्दल' हा मथळा मास्तरांपुढे ठळक अक्षरांत उभा. आणि इथे मास्तरांना आपल्याच नियमाची खरी ताकद समजली. हरकत घ्यायचीही गरज नव्हती. उघडायचंच नाही. एकाचंही वाचायचं राहिलं असेल तर मंजूर नाही. बस.

त्या दिवसापासून त्यांनी झाडू सोडला. सुया, तेल, अंगुस्तान, एकेक मथळा ते उघडून शब्द न शब्द वाचत. काजवाल्याच्या 'दरवाजा नीट लावा' या सूचनेवर त्यांनी दोन परिच्छेदांचं उत्तर लिहिलं. फक्त तेवढ्या एका मथळ्याला हात लावला नाही. त्याच्या ठळक अक्षरांकडे ते चहा पिताना बघायचे, आणि बायको शेजारी बसून ते बघताहेत हे बघायची.

टेबल खोलीच्या मधोमधच राहिलं. ठराव मंजूर नाही म्हणून ते आत जाईना, आणि 'एकदा उचललेलं परत उचलायला आधी फोरमवर टाका' म्हणून काजवाला ते खिडकीशी नेईना. गिऱ्हाईक माप द्यायला आलं की टेबलाला प्रदक्षिणा घालूनच आत यायचं. खिडकी रिकामी. तिथे उन्हात इस्त्रीची फडकी वाळत पडायची.

घरात भांडण म्हणाल तर नव्हतं. "वाढलंय," ती म्हणायची. "मीठ," ते म्हणायचे. ती मीठ द्यायची. तक्रार करायला जागाच नव्हती. मास्तरांना तेच अधिक झोंबायचं. तिने एकदा तरी म्हणावं, उघडा तो मथळा, किंवा मरू दे ती खिडकी. पण ती कोपऱ्यात ट्यूबखाली बसून टाके घालत राहिली. मास्तर मधल्या टेबलावरून आता तिला नीट बघू शकत होते. खिडकीत उभे असताना तिच्याकडे त्यांची पाठ असायची.

एका दुपारी सगळे जेवायला खाली गेले होते. ती एक काळा कोट घेऊन बसली होती. मास्तरांच्या लक्षात आलं की ती टाका घालते, मग त्यावरून बोट फिरवते, मग पुढचा घालते. डोळ्यांनी नव्हे, बोटाने बघत होती. मध्येच तिने चारपाच टाके उसवले, आणि पुन्हा घालायला लागली.

मास्तरांनी मोबाईल काढला. हरकत लिहायची, दोन शब्दांत मोकळं व्हायचं, असं मनाशी ठरवून त्यांनी मथळा उघडला.

नोटीस साडूंच्या नावाने होती, पण साडूंना इतकं आटोपशीर कधी बोलता आलं नव्हतं. 'कापड बेतायला खडूची पांढरी रेघ दिसली की पुरतं, ती दिव्याखाली दिसते. काळ्या कापडावर काळा टाका दिव्याखाली दिसत नाही. तरी खिडकीजवळची जागा हातशिलाईला द्यावी. याबद्दल आधी तोंडी सांगून झालेलं आहे.'

शेवटची ओळ त्यांनी दोनदा वाचली. ती कारखान्यासाठी नव्हती. एका माणसासाठी होती, आणि त्याने ती आठवडाभर रोज झाडून टाकली होती.

खरं सांगायचं तर त्या नोटिशीत हरकत घेण्यासारखं काही नव्हतं. मास्तर कापणारे होते, उजेड त्यांनाही कळत होता. तिने हे समोर ठेवलं असतं, धरून बसवून वाचायला लावलं असतं, तर त्यांनी स्वतःच्या हाताने टेबल ओढून नेलं असतं, अशी त्यांची आता खात्री होती. ती खात्री त्यांना आत्ताच झाली, हे त्यांच्या लक्षात आलं नाही असं नाही.

मथळा बारीक झाला. मास्तरांनी हरकत लिहिली नाही. मुदत संपली त्या सकाळी काजवाल्याने विचारायच्या आत त्यांनीच टेबलाचा कोपरा धरला, आणि या वेळी मध्ये कुठेही न थांबता ते आतल्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं. बायकोने आपली खुर्ची खिडकीत मांडली. काळं कापड उजेडात धरलं आणि सुईत दोरा ओवला, पहिल्याच फटक्यात. मग मान वळवून तिने कोपऱ्याकडे पाहिलं. मास्तर खडूने रेघ मारत होते. रेघ दिव्याखाली स्वच्छ दिसत होती. त्याचंही त्यांना वाईट वाटलं.

"बरं झालं, मिटलं," साडू म्हणाले.

"हो, मिटलं," मास्तर म्हणाले.

पण मिटलं नव्हतं. मास्तर बदलले, ते वेगळ्याच तऱ्हेने. लग्नानंतर पहिल्यांदाच ते बायकोचा शब्द न शब्द ऐकू लागले. ती बोलायला लागली की हातातलं काम ठेवायचे, चष्मा सारखा करायचे आणि तिच्या तोंडाकडे बघायचे. विश्वास उडाला की माणूस फार चांगला श्रोता होतो.

"येताना कोथिंबीर आणाल का?" ती एका संध्याकाळी जिना उतरताना म्हणाली.

मास्तर पायरीवर थांबले.

"कोथिंबीर," ते म्हणाले. "का?"

"का म्हणजे? संपलीय म्हणून."

"एवढंच?"

ती खालच्या पायरीवरून वर त्यांच्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं तिला जे हवं होतं ते समोर उभं होतं, कान टवकारून.

"एवढंच," ती म्हणाली.

"आणतो," मास्तर म्हणाले. पण मंडईत पोहोचेपर्यंत तिचं वाक्य त्यांनी मनातल्या मनात उलटंसुलटं करून पाहिलं.